एलिहू भावजींचं न्हाणीघर

आमचे धाकटे दीर एलिहू प्रोथेरो आमदार झाले, तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या आमच्या सगळ्या बिरांगी गावाला नवल वाटलं. मला नाही वाटलं. ज्या माणसाला जेवताना मीठ मागायलासुद्धा प्रस्तावना लागते, त्याने विधानसभेत नाही जायचं तर कुठे जायचं?

वेल्समधून ते आमच्याकडे आले ते जानेवारीत. इथला जानेवारी म्हणजे कोंबड्यासुद्धा पाण्याच्या टाकीखालची सावली सोडत नाहीत. आणि हे स्टेशनवर उभे, हातात लोकरीचे जाडजूड हातमोजे घालून. घामाने नुसते निथळत होते.

मी म्हटलं, "भावजी, ते काढा आधी."

"वहिनी, आईने बजावलंय, पोचेपर्यंत काढायचे नाहीत."

"मग आता पोचलात ना?"

"स्टेशनवर पोचलो. घरी कुठे पोचलो?"

तेव्हाच मी जोथमना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हळूच म्हटलं, "अहो, तुमचा भाऊ कोळसा फोडणार की शब्द?" जोथम म्हणाले, "दोन्ही फोडेल. आमच्या घराण्यात मी एकटाच मुका."

ते खरंच होतं. जोथम दिवसभरात बोलत ते सगळं एका मुठीत मावलं असतं. दोघे भाऊ एकाच खाणीत, एकाच पाळीला उतरत आणि संध्याकाळी एकत्रच घरी येत. घरी येत म्हणजे दारात दोन काळ्या आकृती उभ्या राहत, नुसते डोळे आणि दात. मग माझं खरं काम सुरू व्हायचं. चुलीवर पाणी उकळत ठेवलेलं असायचं, चुलीसमोर पत्र्याचा टब. आधी जोथम बसायचे, त्यांच्यानंतर त्याच पाण्यात भावजी. त्यानंतर त्या पाण्याला पाणी म्हणायची सोय नसायची. मी ते परसात ओतायची, फरशी पुसायची आणि दुसऱ्या दिवसासाठी पुन्हा टाकीतून बादल्या वाहायची. घरोघर हेच. आणि एवढं करून पाठ कुणी धुवायचं नाही! पाठीला पाणी लागलं की कणा मऊ पडतो, असं आमच्या पुरुषांचं पक्कं मत. हे शास्त्र ते वेल्सहून सोबत घेऊन आले होते. रविवारी चॅपलला जाताना माझ्या हातचा इस्त्रीचा पांढरा शर्ट वरून, आणि आत पाठीवर अमावास्या.

आमची नेस्टा तीन वर्षांची असताना ते झालं. त्या संध्याकाळी भावजी वाटेत कुणाशी तरी बोलत थांबले होते. जोथमची आंघोळ उरकली, टबातलं पाणी गार झालं, म्हणून मी भावजींसाठी पुन्हा पातेलं उकळलं आणि उतरवून टबाशेजारी ठेवलं. तेवढ्यात ते आलेच. उंबऱ्यातच हातवारे करत सांगायला लागले, खाणीतल्या घोड्याने मुकादमाचा डबा कसा पळवला ते. आम्ही सगळे हसत होतो. नेस्टाही हसत होती. आणि तिने पातेल्याचा कान धरला.

डावा हात कोपरापासून बोटांपर्यंत भाजला. भावजींनी तशाच काळ्या हातांनी तिला उचललं आणि डॉक्टरकडे धावत सुटले. पोर वाचली. हातावरची कातडी मात्र सुरकुतलेल्या सफरचंदासारखी झाली, आणि दोन बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत.

त्या दिवसानंतर एलिहू भावजी माझ्या स्वयंपाकघरात कधीही आंघोळीला बसले नाहीत. ओढ्यावर जायचे. जुलैत इथे गवतावर दंव गोठतं, तरी ओढ्यावरच. दात वाजवत परत यायचे.

जोथम म्हणायचे, "गारठून मरशील एखाद्या दिवशी."

"ओढ्याला उकळी येत नाही, दादा," एवढंच ते म्हणायचे. त्या विषयावर ते जास्त बोलले नाहीत, आणि त्यांचं कमी बोलणं मला तेव्हा त्यांच्या बोलण्यापेक्षा जड वाटायचं.

बाकीच्या विषयांवर मात्र तोंडाला खळ नव्हता. त्यामुळेच ते कामगार संघटनेचे चिटणीस झाले. मॅनेजरशी बोलायला दुसरं कुणी तयारच नसायचं. एकदा खाणीत हवा खेळती नाही म्हणून तक्रार घेऊन गेले. सकाळी गेले ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत बोलतच होते. शेवटी मॅनेजर हात जोडून म्हणाला, "घ्या बाबा तुमची हवा. निदान या खोलीतली तरी शिल्लक राहील." नवा पंखा बसला. लोकांना वाटलं, काय हा मुत्सद्दी!

मग एका वर्षी मजूर पक्षाने त्यांना विधानसभेचं तिकीट दिलं. राज्याच्या निवडणुकीत आम्हा बायकांना त्या वर्षी पहिल्यांदाच मत होतं. पुरुषांनी गृहीत धरलं होतं की घरचा धनी सांगेल तिथे आम्ही खूण करू. भावजी तेवढे शहाणे. त्यांनी चॅपलच्या मागच्या खोलीत बायकांसाठी चहा ठेवला. चहा मीच केला, बेदाण्यांचा पाव मीच भाजला, तो भाग वेगळा.

मी उभी राहिले. "भावजी, आमच्यासाठी काय करणार ते बोला."

"वहिनी, हा प्रश्न तीन अंगांनी पाहावा लागेल..."

"एकाच अंगाने पाहा. आम्हाला खाणीवर न्हाणीघर पाहिजे. कंपनीने बांधलेलं, गरम पाण्याचं. माणसं तिथून धुऊन-पुसून घरी यायला हवीत."

शेजारच्या मिसेस गॅफनी आयरिश, जिभेला धार. त्या म्हणाल्या, "माझ्या घरी नवरा आणि पाच मुलगे. जन्मभर पाणीच तापवतेय. मेल्यावर नरकात गेले ना, तर तिथेही मला म्हणतील, ये बाई, तुला अनुभव आहे."

भावजी हसले नाहीत. माझ्याकडे न पाहता त्यांनी मान हलवली. "न्हाणीघर होईल. शब्द देतो."

त्याच संध्याकाळी हॉटेलच्या अंगणात पुरुषांची सभा होती. तिथे कुणीतरी ओरडलं, "एलिहू, बायकांना काय कबूल करून आलास? आम्हाला म्हशींसारखं धुणार का?" आणि आमच्या भावजींनी तिथेही शब्द दिला, की बिरांगीत एकाही माणसाच्या पाठीला त्याच्या मर्जीविरुद्ध पाणी लागणार नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला.

जोथमकडून हे कळलं तेव्हा मी भावजींना धरलं. "भावजी, यातलं खरं कुठलं?"

"दोन्ही खरं, वहिनी. न्हाणीघर बांधायचं म्हणालो. त्यात न्हायचं, असं कुठे म्हणालो?"

"आता तुम्ही पक्के राजकारणी झालात हो."

त्यांना ती शाबासकी वाटली. कानापर्यंत लाजले बिचारे.

ते निवडून आले. सिडनीला जायच्या आधी नवी हॅट घेतली, ती डोक्याला इतकी मोठी होती की कानांवर टेकायची. जोथम म्हणाले, "पदाच्या मापाची घेतलीय. डोकं वाढेल हळूहळू."

वर्षभराने न्हाणीघरांचं विधेयक चर्चेला आलं. खाणमालकांच्या बाजूचे सभासद म्हणत होते, की आंघोळ ही ज्याच्या त्याच्या घरातली बाब, सरकारचा संबंध काय? भावजी बोलायला उठले. बेल्जियममधल्या खाणी, जर्मनीतल्या खाणी, पाइपांच्या लांब्या, सगळं तयार करून गेले होते. सभागृह डुलक्या घेऊ लागलं. आणि मग, का कोण जाणे, जर्मनी अर्धवट सोडून ते माझ्या स्वयंपाकघरात आले. चूल, टब, पातेलं. "ती तीन वर्षांची होती," ते म्हणाले. "तिचं नाव नेस्टा." आणि त्यांचा गळा दाटला. जन्मात कधी भाषण अर्ध्यावर सोडलं नव्हतं, ते खाली बसले.

विरोधातल्या एका म्हाताऱ्या सभासदाने चष्मा काढून पुसला. एक मंत्री उठून आले आणि त्यांनी भावजींचा हात दोन्ही हातांत धरला. आमच्या भोळ्या शंकराला वाटलं, भाषण आवडलं.

दोन-तीन दिवसांनी दुपारी आमचं दार वाजलं. नेस्टाने उघडलं. ती तेव्हा सतरा वर्षांची, हात कोपरापर्यंत पिठाने भरलेले. दारात स्टेशनमास्तर उभा, टोपी काखेत, आणि हातात बैलगाडीच्या चाकाएवढं लिलीच्या फुलांचं पुष्पचक्र.

"अरे देवा, कोण गेलं?" नेस्टाने विचारलं.

स्टेशनमास्तरने एकदा चिठ्ठीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "कसं सांगू पोरी? यावर तुझंच नाव आहे."

चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'चिमुकल्या नेस्टा प्रोथेरोच्या स्मृतीस.' खाली मंत्र्याची सही.

मिसेस गॅफनी कुंपणावरून सगळं बघत होत्या. त्या आल्या, फुलं चाचपून पाहिली. "अस्सल आहेत गं. आमच्यात मेल्यावरसुद्धा कुणाला इतकी महागाची मिळाली नाहीत. तू भाग्याची, जिवंतपणी मिळाली." मग त्यांनी पाठोपाठ आलेल्या सिडनीच्या वर्तमानपत्रातून सगळी हकिकत मोठ्याने वाचून दाखवली. जोथम कामावरून येईपर्यंत निम्मी गल्ली आमच्या व्हरांड्यात जमली होती. बायका रडावं की हसावं या विचारात, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्या नेस्टाला चिमटे काढून खात्री करून घेत होत्या.

शनिवारच्या गाडीने भावजी आले. दारातलं पुष्पचक्र पाहून हॅट आपोआप हातात आली.

मी म्हटलं, "या. सांत्वनाला आलात का?"

"वहिनी, ती मेली असं मी म्हणालोच नाही."

"जिवंत आहे असं म्हणालात?"

त्यांनी हॅट एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "गळा दाटून आला. खरंच आला. मग सगळे हात दाबायला लागले. काय गैरसमज झालाय ते मला संध्याकाळी कळलं, तोवर त्या म्हाताऱ्याने सांगितलं होतं की तो आमच्या बाजूने मत देणार. विधेयक काठावर आहे हो. मंगळवारी मतदान. बुधवारी मी सगळं स्पष्ट सांगून टाकणार होतो."

जोथम कोपऱ्यात बसून हसत होते. आवाज न करता हसायची त्यांची पद्धत, नुसते खांदे हलायचे. "म्हणजे मंगळवारपर्यंत पोरीने मेलेलंच राहायचं," ते म्हणाले. "बुधवारी उठायचं."

नेस्टा हसत नव्हती. ती टेबलापाशी उभी होती, डावा हात मागे धरून.

"काका, माझा हात तू तिकडे नेलास. मला न विचारता."

"नेस्टा, बाळ, चांगल्यासाठीच..."

"नेलास तो नेलास, वर अर्धवट नेलास. तेवढा हात घेऊन गेलास आणि बाकीची मी इथेच राहिले. मी शिवते, चॅपलच्या शाळेत शिकवते, मिसेस गॅफनींच्या धाकट्याला नको म्हणते. ते कुणी सांगायचं?"

(मिसेस गॅफनींचा धाकटा तेव्हा व्हरांड्यातच होता. तो हळूच घरी गेला.)

भावजींनी हॅट टेबलावर ठेवली. म्हणाले, "मग काय करू? तू सांग."

"मी येते सिडनीला," नेस्टा म्हणाली. "मंगळवारीच. बुधवारी नाही."

आम्ही दोघी गेलो. बायकांच्या सज्जात बसलो. नेस्टाने लाल चेरी लावलेली हॅट मुद्दाम घातली होती, कारण मेलेली माणसं तसली हॅट घालत नाहीत. खाली भावजी उभे राहिले. त्यांनी एकदा वर पाहिलं.

"सभापती महोदय," ते म्हणाले, "मागच्या आठवड्यात या सभागृहाने माझ्या पुतणीबद्दल दुःख व्यक्त केलं. मी आभारी आहे. माझी पुतणीही आभारी आहे. ती वर बसली आहे."

सगळ्या माना एकदम वर वळल्या. नेस्टा उभी राहिली. तिने डाव्या हाताचा हातमोजा काढला आणि हात कठड्यावर ठेवला. कुणीतरी फिस्सकन हसलं, मग दुसरं, मग सगळं सभागृह हसायला लागलं. सभापतीसुद्धा. नेस्टा हसली नाही आणि बसलीही नाही. ती तशीच उभी राहिली. हसणं आपोआप विरत गेलं, इतकं की खाली कुणाची तरी खुर्ची करकरली ती वर ऐकू आली.

भावजी म्हणाले, "मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, कारण मला तुमची मतं हवी होती. चूक माझी. पण एक गोष्ट सांगतो. ती गेली असती, तर फुलं पाठवून तुमचं काम संपलं असतं. ती आहे. त्यामुळे आता तिच्यादेखत मत द्यावं लागेल."

आणि ते बसले.

तो चष्मेवाला म्हातारा उठला. म्हणाला, "सन्माननीय सभासदांनी आम्हाला खोटं रडवलं. माझा रुमाल वाया गेला." तो खिशात कोंबत म्हणाला, "असा वाया गेलेला बरा." त्याने मत दिलं, पण एक पाचर मारून. जिथे खाणीतले निम्म्याहून जास्त कामगार गुप्त मतदानाने मागणी करतील, तिथेच कंपनीने न्हाणीघर बांधावं. विधेयक मंजूर झालं.

बाहेर पायऱ्यांवर भावजी नुसते तरंगत होते. नेस्टाने त्यांना माफ केलं होतं, निदान त्यांच्या हातात हात घातला होता. मी म्हटलं, "अभिनंदन भावजी. फक्त एक सांगा. आपल्या खाणीतली माणसं न्हाणीघर मागतील?"

त्यांची हॅट पुन्हा कानांवर आली.

नाहीच मागितलं त्यांनी. मतदान झालं आणि न्हाणीघर सपाटून आपटलं. विरोधाचा पुढारी कोण, तर माझा नवरा. जन्मात चार वाक्यं न बोललेले जोथम दारोदार फिरून सांगत होते, "पाठ सांभाळा." आणि पाठीपेक्षाही मोठी अडचण लाजेची होती. एक जण मला म्हणाला, "मिसेस प्रोथेरो, चॅपलच्या पंचांना शनिवारी उघडं पाहिल्यावर रविवारी त्यांच्या मागे प्रार्थना कशी म्हणायची?" यावर माझ्याकडेही उत्तर नव्हतं.

पण टब माझ्याकडे होता. कुणाच्या डोक्यातून आधी निघालं ते आता सांगता येत नाही, मिसेस गॅफनी म्हणतात त्यांच्या. त्या आठवड्यात बिरांगीतल्या बायकांनी टब परसात नेले, त्यांत माती भरली आणि भाजी लावली. मिसेस गॅफनींनी बटाटे लावले. मी कोबी लावला. पाद्रीबुवा काही खाणीत जात नव्हते, तरी त्यांच्या बायकोने आपल्या टबात अजमोदा पेरला.

जोथम संध्याकाळी आले. चुलीकडे बघतच राहिले.

"टब कुठाय?"

"परसात."

जाऊन पाहून आले. "त्यात माती आहे."

"माती नाही. कोबी आहे."

"मग मी आंघोळ कुठे करू?"

"ओढा आहे की. भावजी करायचेच."

"जुलै आहे, लोइस!"

"मग थांबा. कोबी वसंतात निघेल."

ते व्हरांड्यात गोणपाटावर झोपले. माझ्या स्वच्छ चादरींवर त्यांना पाय ठेवू दिला नाही. शेजारच्या व्हरांड्यात गॅफनींचे सहा जण ओळीने. रविवारी चॅपलमध्ये प्रार्थनेला सगळं मंडळ तसंच काळंकुट्ट उभं राहिलं तेव्हा पाद्रीबुवांनी पुस्तकातून मान वर केली आणि पुन्हा लगेच खाली घातली. त्यांचे खांदे हलत होते.

शेवटी पुरुषांनी भावजींना तार करून बोलावलं. आमदार आहेस, मध्यस्थी कर. ते आले. माझ्या परसात एका बाजूला काळे पुरुष, दुसऱ्या बाजूला आम्ही, मध्ये कोबी. जोथम म्हणाले, "बोल आता. बायकांना शब्द दिला होतास, आम्हालाही दिला होतास. कुठला पाळणार?"

मला वाटलं, आता हे तीन अंगांनी पाहणार. नेस्टा मागच्या दारात उभी होती, तिच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं.

"दादा, मी कोबीच्या बाजूने आहे," ते म्हणाले.

"पुढच्या निवडणुकीत बघू," मागून कुणीतरी म्हणालं.

"बघा," भावजी म्हणाले. "हरलो तर कुदळ आहेच माझी. वहिनींनी अजून विकली नसेल तर."

काळी माणसं बडबडत निघून गेली. पण कोबीने पान धरायच्या आत दुसरं मतदान मागितलं गेलं, आणि या वेळी न्हाणीघर थोडक्या मतांनी जिंकलं. जोथमनी मत कुठल्या बाजूला दिलं ते मी विचारलं नाही. गुप्त मतदान होतं.

कंपनीने पत्र्याची लांबलचक शेड बांधली, आत गरम पाण्याचे नळ. पहिल्या दिवशी भावजी म्हणाले, आधी मी जाणार, पण काम केल्याशिवाय न्हायचं कसं? म्हणून ते खाणीत उतरले आणि पूर्ण पाळी केली. विधानसभेच्या खुर्चीने हाडं मऊ केलेली. वर आले ते जोथमच्या खांद्यावर हात टाकून, पाय ओढत. मग एकटेच शेडमध्ये गेले. बाहेर सगळी खाण उभी. पाण्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही, मग ते बाहेर आले. खाली विजार, वर उघडे, आणि पाठ स्वच्छ गुलाबी. त्यांनी सगळ्यांकडे पाठ केली.

"दादा, तपास."

जोथमनी पुढे होऊन एका बोटाने कणा मणका मणका दाबून पाहिला. "कणा शाबूत आहे," ते म्हणाले. "डोकं मऊ आहे. पण ते आधीपासूनचं."

हसत हसत पहिली टोळी आत गेली. आतले कपडे अंगावर ठेवूनच न्हाली म्हणे, आणि पुढचे कित्येक आठवडे तसंच.

भावजी पुढची निवडणूक जेमतेम जिंकले, त्यानंतरच्या दोन आरामात. मंत्री कधी झाले नाहीत. लग्नही केलं नाही; विचारलं की म्हणायचे, विषय समितीकडे आहे. भाषणात नेस्टाचा उल्लेख करायचा असला तर आधी तिला विचारायचे, आणि ती बहुतेक वेळा नाही म्हणायची.

पण मी त्या पहिल्या दिवसाचं सांगत होते. आम्ही बायका फाटकांत उभ्या होतो. ऊन अजून होतं. रस्त्याने माणसं येत होती, आणि खरं सांगते, आम्हाला आमची माणसं ओळखू येईनात. मिसेस गॅफनींनी भलत्याच पोराला हाक मारून आत बोलावलं. इतकी वर्षं कामाच्या दिवशी आम्ही त्यांचे चेहरे फक्त दिव्याच्या उजेडात पाहिलेले.

जोथम आले. केस ओले, भांग पाडलेला. चालत्या रस्त्यावर, भर उन्हात, माझ्या नवऱ्याचा चेहरा. डोळ्यांपाशी किती सुरकुत्या पडल्या होत्या, मला माहीतच नव्हतं. ते फाटकापाशी थांबले, आणि हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना.

"काय बघतेस?"

"काही नाही. ओळख पटवतेय."

मागून लंगडत भावजी आले, तोंडभर हसत. "कसं वाटलं, दादा? सांग ना, कसं वाटलं?"

जोथमनी बराच विचार केला. "साबण चांगला नाही," ते म्हणाले.

"असं? कंपनीला लिहितो. नाहीच ऐकलं तर खाणमंत्र्यांना भेटतो," भावजी अगदी गंभीरपणे म्हणाले, आणि दोघे भाऊ साबणावर बोलत व्हरांड्याच्या पायरीवर बसले. मी आत गेले. चुलीवर किटली ठेवली, चहापुरतं पाणी घातलं, आणि उरलेला वेळ काय करावं ते न सुचून क्षणभर तशीच उभी राहिले.